कौलं बदलता येतील, पण कागद?

पत्राचा सारांश: मुलुंडच्या एका 43 वर्षांच्या बाईंचं पत्र आहे. त्यांचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. चाळीच्या गॅलरीतून शेजारच्या वाडीतली लाकडी, कौलारू, बंगलेवजा घरं दिसायची. चाळ गेली, तिथं आता टॉवर आहे. गेलं वर्षभर बाई आणि त्यांचे यजमान दर रविवारी जुन्या बंगल्यांच्या वस्त्यांतून हिंडताहेत: वांद्र्याचं रनवार, माझगावची माथारपाखाडी, पार्ल्याच्या गल्ल्या आणि शेवटी पुन्हा गिरगाव. मोडकळीला आलेलं घर घ्यायचं आणि हौसेनं दुरुस्त करून राहायचं, असं त्यांच्या मनात आहे. आता एका वाडीतल्या दुमजली घराचा वरचा मजला त्यांना मिळतोय. साडेसहाशे चौरस फूट, पागडीनं, 1 कोटी 40 लाखांना. मुलुंडचा फ्लॅट विकला तर 1 कोटी 65 लाख हाती येतील आणि उरलेल्या 25 लाखांत दुरुस्ती होईल, असा त्यांचा हिशेब आहे. घरमालक दोघे भाऊ, त्यातला एक परदेशात. खाली त्यांची वृद्ध बहीण राहते. दलाल म्हणतो, पावसाळ्याआधी टोकन द्या, नाहीतर घर जाईल. दीर याला वेड म्हणतात, यजमान काहीच म्हणत नाहीत, 74 वर्षांच्या सासूबाई म्हणतात, तुम्ही जाल तिथं मी. बाई विचारतात, ‘घ्यावं का? आणि आमच्यासारख्यांनी घेतलं नाही तर ही घरं वाचणार कशी?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओळी मोजल्या. खिडकीवरच्या रंगीत काचा, बाहेरून चढणारा लाकडी जिना आणि व्हरांड्याची नक्षीची झालर यांवर अकरा ओळी आहेत. घर कुणाच्या नावावर आहे यावर दीड. तुमची चूक काढत नाही, काचांचं वर्णन वाचून मलाही जावंसं वाटलं. पण घर घेताना हे प्रमाण उलटं हवं, म्हणून आधी त्या दीड ओळीकडे येते.

तुमच्या सगळ्या हिशेबाच्या तळाशी एक समज आहे: घर मोडकं, म्हणून स्वस्त. वाईला किंवा कोल्हापुरात एखादा वाडा घेतलात तर ते बरंचसं खरं ठरेल. छप्पर बसलंय म्हणून मालक किंमत उतरवतो आणि तुम्ही ते छप्पर उभं करता. मुंबईत, त्यातही गिरगाव-वांद्र्यासारख्या ठिकाणी, किंमत घराची नसतेच. ती जमिनीची आणि त्या जमिनीवर आणखी काय उभं राहू शकेल याची असते. बिल्डरला छपराचं काहीच नाही, तो ते पाडणारच असतो. म्हणजे गळकं छप्पर असलेला बंगला आणि कौलं धडधाकट असलेला बंगला यांच्या भावात इथं फारसा फरक पडत नाही.

मग एखादं जुनं घर तुमच्या-आमच्या आवाक्यात आलंच कसं, हा पहिला प्रश्न हवा. उत्तर बहुतेक वेळा चारातलं एक असतं. आत भाडेकरू असतात. वारस बरेच असतात आणि त्यांचं पटत नाही. गल्लीत आगीचा बंब शिरत नाही, त्यामुळे मोठी इमारत मंजूर होणं कठीण जातं. किंवा घर पालिकेच्या वारसा यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत असतं. ज्या अडचणीमुळे बिल्डर मागे हटतो, तीच अडचण तुम्हाला आत यायला वाट देते. तुमच्या घरात या चारांपैकी दोन तर पत्रावरूनच दिसतात. तेव्हा आजारी आहे तो कागद, घर नव्हे. सुतार लाकडाचं बघून घेईल, कागदाचं औषध मात्र त्याच्याकडे नाही.

आता पागडी. दलालानं ‘घेताय’ हा शब्द वापरला असेल, पण तुम्ही घर विकत घेत नाही आहात. तुम्ही भाडेहक्क घेताय. पूर्वीच्या 1947 च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी सगळे चोरून घेत. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 56 नं या व्यवहाराला कायदेशीर वाट दिली. जुना भाडेकरू हक्क सोडण्याचे पैसे घेऊ शकतो, मालक संमती देण्याचे. मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांश, हा रिवाज. तो तुमच्या 1 कोटी 40 लाखांत धरलाय की वर आहे, हे पत्रात नाही. विचारलंय का? त्याच कायद्याचं कलम 55 म्हणतं की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ‘रिसीट तुमच्या नावावर करून देतो, बाकी काही लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर चहा संपवून उठा.

आणि मालक दोघे आहेत. माझ्या एका मावसबहिणीनं दादरला असाच मजला घेतला. परदेशातल्या भावानं फोनवर हसून हसून हो म्हटलं, इथल्या भावानं सही केली, पैसे गेले. नवीन भाडेपावतीची वेळ आली तेव्हा परदेशातल्या भावाच्या मुलीनं वकिलाचं पत्र धाडलं की आमच्या वडिलांनी कशालाच संमती दिलेली नाही. सात वर्षं झाली. बहीण त्या घरात राहते, पण एक खिळा ठोकताना दोनदा विचार करते. दोन्ही भावांच्या सह्या हव्यात. परदेशातल्या भावाचं मुखत्यारपत्र असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलेलं, इथं मुद्रांक शुल्क भरलेलं आणि त्यात नेमका हाच अधिकार लिहिलेलं असावं.

त्याहून मला टोचतेय ती खालची बहीण. ती तिथं कोण म्हणून राहते? वारस म्हणून तिचाही हिस्सा आहे का? वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का? तुम्ही तिच्याबद्दल ‘फार गोड आहेत, आम्हाला फुगियास दिले’ (पिठाचे ते तळलेले गोळे) एवढंच लिहिलंय. फुगियास खाल्लेत हे चांगलं झालं. आता मालमत्ता पत्रकावर तिचं नाव आहे का तेही बघा. शहर भागात सातबारा नसतो, हे पत्रक जिल्हाधिकारी कचेरीतून मिळतं. उपनगरात शोध चालू ठेवलात तर तिथल्या नगर भूमापन कार्यालयातून. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. सूचनेला चौदा दिवसांत हरकत आली तर वाईट वाटून घेऊ नका. हरकत आत्ता कळणं म्हणजे नशीबच म्हणायचं.

तुमच्यासारखीच पत्रं आणखी काही आली आहेत, त्यातल्या दोघांना पागडी नव्हे तर थेट मालकीतला हिस्सा देऊ केलाय. ‘चार भावंडांतल्या एकाचा पाव हिस्सा, स्वस्तात.’ त्यांच्यासाठी इथंच सांगते. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं विकत घेतला, तरी बाकीच्यांबरोबर तिथं राहायला जाण्याचा हक्क त्याला मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 हेच सांगतं. पुढे त्यानं वाटणीचा दावा लावला, तर 1893 च्या वाटणी कायद्याखाली घरातली माणसं त्याचाच हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला घेऊ शकतात. म्हणजे पैसे घालून तुम्ही घराबाहेरच. सगळ्या भावंडांनी एका कागदावर सही केली तरच पुढे जा.

आता पैशाकडे. तुमचा 25 लाखांचा हिशेब मला दोन ठिकाणी गळका दिसतो. पहिलं, पागडीच्या जागेवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, त्यामुळे काम अर्ध्यावर असताना पैसे कमी पडले तर मागे हात कुणाचा? दुसरं फार कुणाच्या लक्षात येत नाही. जुना फ्लॅट विकून राहतं घर घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळते. तेच पैसे भाडेहक्कात घातले तर ती सवलत तशीच मिळेल असं गृहीत धरू नका. फ्लॅटचं बयाणापत्र करायच्या आधी सीएकडे जा, नंतर नको. मुलुंडचा फ्लॅट किती वर्षांपूर्वी, कितीला घेतला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पंधरा-वीस वर्षं झाली असतील तर नफा लहान नसेल.

मग घर. हा भाग मला आवडतो, म्हणून जरा लांबेल. दलाल पावसाळ्याआधी टोकन मागतो यात नवल नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुनं घर खोटं बोलतं ते मे महिन्यात. जुलैत ते सगळं कबूल करतं. कुठलं कौल सरकलंय, पन्हळ कुठं तुंबते, पाणी भिंतीच्या कुठल्या कोपऱ्यातून उतरतं, हे पाहायला एक मुसळधार दुपार पुरते. तेव्हा जाताना टॉर्च न्या आणि मान वर ठेवून चाला.

एक जाणता सुतारही बरोबर न्या. इंटिरियरवाला नको, जुन्या लाकडावर हात चालणारा माणूस हवा. काही वर्षांपूर्वी एका घरासाठी मी अशा मिस्त्रींबरोबर गेले होते. आम्ही सगळे झुंबराची कडी आणि दाराच्या पितळी बिजागऱ्या बघत होतो. मिस्त्री स्टूल घेऊन थेट भिंतीपाशी गेले. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं त्यांनी पेचकसाच्या मुठीनं तीनदा ठोकलं. मधल्या भागात टणटण आवाज येत होता, भिंतीजवळ बद्द. मग पेचकस उलटा करून टोक दाबलं, तर ते कणकेत जावं तसं दोन इंच आत गेलं. वरचा रंग अगदी नवा होता. ‘बाई, बर्मा साग आहे, शंभर वर्षं टिकलाय, आणखी टिकेल,’ ते म्हणाले, ‘पण टोकं गेलीत. भिंतीतलं पाणी टोकाला बसतं.’ तुमच्या घरात तुळयांची टोकं, वाशांची खालची बाजू आणि जिन्याची शेवटची पायरी एवढं तरी ठोकून घ्या. वाळवीचे मातीचे नळ दिसले तर कपाटामागेही बघा.

भिंतींना बहुधा चुन्याचा गिलावा असेल. त्यावर मधल्या कुणी मालकानं सिमेंट थापलं असेल तर ते काढण्याचा खर्च आधी धरा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट चढवलं की ती ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि लाकूड कुजतं. ज्यांनी ‘मजबुती’साठी सिमेंट लावलं त्यांनीच बऱ्याच घरांचा घात केलाय, आणि अजूनही दहातले आठ ठेकेदार तेच सुचवतील. चुना मुरवून, त्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालून काम करणारे कारागीर मुंबईत थोडे आहेत, त्यांना वेळ लागतो आणि ते स्वस्त नाहीत. तुम्ही दुरुस्तीला चार महिने धरलेत. मी एक पूर्ण वर्ष धरलं असतं, आणि त्या वर्षाचं दुसरीकडचं भाडंही.

परवानगीचं थोडक्यात. रंग, कौलं, गिलावा अशी राहण्याजोगी डागडुजी पालिकेच्या परवानगीशिवाय चालते. तुळया बदलणं, भिंत पाडणं, आत नवीन बाथरूम उभारणं म्हणजे परवानगी, आणि भाडेकरू म्हणून मालकाची लेखी संमतीही. मुंबईला 1995 पासून वारसा नियमावली आहे. हे घर किंवा ही वाडी यादीत आहे का, आणि कुठल्या श्रेणीत, याचा अभिप्राय पालिकेकडून लेखी घ्या. श्रेणी 3 असली तर आतल्या बदलांना बरीच मोकळीक असते, बाहेरचं रूप जपावं लागतं. आणि पालिकेनं घराला कलम 354 ची धोकादायक इमारतीची नोटीस दिलीय का तेही विचारा. इमारत ‘सी-1’ वर्गात गेली असेल तर ती रिकामी करून पाडायची असते. मग रंगीत काचांचं काय करणार?

आता तुमचा शेवटचा प्रश्न, घरं वाचवण्याचा. इथं मला थोडं थांबून विचारावंसं वाटतं. गिरगावातली खोताची वाडी खोतांच्या नावानं ओळखली जाते. खोतांनी तिथले भूखंड ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि त्यांनी ही घरं बांधली. तुम्ही-आम्ही त्यांना कौतुकानं ‘पोर्तुगीज घरं’ म्हणून मोकळे होतो. ती माणसं पोर्तुगीज नाहीत, घरात मराठीचीच एक बोली बोलणारी इथलीच माणसं आहेत. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, एवढंच. ही घरं आजवर टिकली ती दरवर्षी कुणीतरी मे महिन्यात शाकारणी केली म्हणून. वरचा मजला तुमच्याकडे आला तरी घर ठेवायचं की विकायचं हे मालक ठरवणार. उद्या भावांनी ते विकासकाला दिलं तर तुमचा हक्क सहसा बुडणार नाही, त्या जागी नव्या इमारतीत घर मिळेलही. पण घर वाचणार नाही. भाडेकरूला घर सांभाळता येतं. ‘वाचवता’ येईल असं मी म्हणणार नाही. हे मनाशी पक्कं असेल तर जा. ‘वाचवणं’ हेच मुख्य कारण असेल तर पागडी हे त्याचं साधन नव्हे.

आणि तुम्हाला नक्की घर हवंय की ती गॅलरी? चिडू नका. तुम्ही लिहिलंय की लहानपणी संध्याकाळी खालून व्हायोलिनचा आवाज यायचा आणि आई म्हणायची, बघ, त्यांच्याकडे दिवे लागले. ते घर तुम्ही नेहमी बाहेरून, वरून पाहिलंत. आत राहणाऱ्याला ठरावीक वेळी येणारं पाणी भरावं लागतं, गल्लीत गाडी येत नाही, सिलिंडर खांद्यावरून येतो, आणि रविवारी तुमच्यासारखेच कुणी दाराशी उभे राहून फोटो काढतात. यातलं तुम्हाला ठाऊक असेल, चाळीत वाढलात. यजमानांना आहे का?

ते गप्प आहेत म्हणजे हो म्हणताहेत असं तुम्ही धरलंय. माझा अनुभव असा की पैशाच्या बाबतीत गप्प बसलेला नवरा बहुतेक वेळा मनात आकडेमोड करत असतो. ‘तुम्हाला आवडलं का’ असं विचारू नका. ‘यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते’ असं विचारा आणि उत्तर आलं की लगेच तोडगा सांगू नका. सासूबाईंचं तर अगदी साधं आहे. बाहेरचा लाकडी जिना, भर पावसात, रात्री दहा वाजता, त्यांना धरून चढून दाखवा. एकदाच. त्यांचं ‘तुम्ही जाल तिथं मी’ हे प्रेम आहे, पण गुडघ्यांना ते ठाऊक नसतं.

माझा सल्ला असा की आत्ता टोकन देऊ नका. त्याऐवजी त्याच वाडीत किंवा जवळपास एखाद्या मालकाकडून अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर जागा घ्या. मालकाकडूनच घ्या, मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणाऱ्या भाडेकरूकडून नव्हे. मुलुंडचा फ्लॅट विकू नका, भाड्यानं द्या. दोन भाड्यांत फरक पडेल आणि तो तुमच्या खिशातून जाईल. 1 कोटी 40 लाखांच्या निर्णयापुढे त्याला मी शिकवणीची फी म्हणेन. एक पावसाळा, एक गणपती, एक नाताळ तिथं काढा. तेवढ्यात वकिलाचा शोध पूर्ण होईल आणि कुठल्या घरात कुणाचं काय चाललंय ते गल्लीच तुम्हाला सांगेल. वाड्यांमधली खरी घरं दलालापर्यंत पोचायच्या आधी ओट्यावर ठरतात.

तेवढ्यात हे घर गेलं तर? जाऊ शकतं. भुयारी मेट्रोचं गिरगाव स्थानक 2025 मध्ये सुरू झालं आणि दलाल आता प्रत्येक वाक्यात ते घालतो, तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला वाईट वाटेल, आणि ते वाईट वाटणं मी हलकं करत नाही. पण दोन मालक, एक बहीण आणि सरकलेली कौलं असलेला पागडीचा मजला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सहसा हलत नाही. ऑक्टोबरात तो तिथंच असेल, आणि बहुधा दलालाचा आवाज थोडा मऊ झालेला असेल.

पुढच्या रविवारी मात्र जाच. यजमानांना घेऊन, दलालाला न सांगता. खालच्या बाईंसाठी काहीतरी घरचं न्या, फुगियासची परतफेड म्हणून. बोलता बोलता विचारा, गेल्या वर्षी शाकारणी कुणी करून घेतली आणि पैसे कुणी दिले. मग त्या कुणाचं नाव घेतात ते ऐका, आणि वकिलाकडे जाल तेव्हा त्या नावापासून सुरुवात करा.